दिपेल

२ डिसेंबर १९९१, चोपडा

नवी वही, नवी नोकरी, नवं गाव. माणूस तेवढा जुनाच.

अकोल्याहून जळगावपर्यंत पॅसेंजर आणि तिथून इथवर एसटी. अंग आंबून गेलं, पण मन प्रसन्न आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझ्या बाबतीत असं फारसं घडत नाही. तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या त्या संपेचनात. उत्तरेला सातपुडा निळसर दिसत होता. हवा अशी गार की शेजारच्या म्हाताऱ्यानं न विचारता आपल्या घोंगडीचं टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं.

दवाखाना गावाबाहेर आहे. धर्मादाय, फक्त डोळ्यांचा. हिवाळ्यात पायथ्याच्या गावांत मोतीबिंदूची शिबिरं घ्यायची, पेशंट जीपमधून इथं आणायचे, ऑपरेशन करायचं आणि आठवड्यानं घरी पोचवायचे. मी नेत्र सहाय्यक. डोळे तपासणं, औषधं घालणं, चष्म्याचे नंबर काढणं हे माझं काम. डॉक्टर साहेबांनी बोलता बोलता विचारलं, लायसन आहे का? मी ऐटीत काढून दाखवलं आणि तिथंच फसलो. ड्रायव्हर दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही म्हणे. सध्या जीपही मीच चालवायची.

चालवीन. दवाखान्यामागं दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, ओटा आहे, अंगणात लिंब आहे. शिबिरं नीट पार पडली तर ते कायमचं माझ्या नावावर करतो, असं साहेब म्हणाले. लग्नाला आठ वर्षं झाली, पण पुष्पा माहेरी, मी बदलीच्या गावी, आणि छकुली मला ‘अकोल्याला येणारे बाबा’ म्हणून ओळखते. आता पुरे झालं. संक्रांतीच्या आत दोघींना इथं आणायचंच.

संध्याकाळी वना आला. हा दवाखान्यातला शिपाई, वॉर्डबॉय आणि जीपचा क्लीनर असा सगळा एकच माणूस. चाळिशीचा, हसतमुख, काम टाळण्यात पटाईत. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन आला होता. ठेचा इतका तिखट की डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्याच डोळ्यांतून धारा लागल्या.

६ डिसेंबर

सकाळी गावातल्या विहारात जाऊन बाबासाहेबांना अभिवादन करून आलो. तिथल्या लोकांनी चौकशी केली, नाव-गाव विचारलं, चहा पाजला. परकं वाटलं नाही.

दुपारनंतर मात्र कंबरडं मोडलं. पहिल्या तुकडीतले पेशंट घरी सोडायचे होते. डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेली ती म्हातारी माणसं मागं बसलेली, आणि रस्ता असा की चांगल्या माणसाचे दात हलावेत. ताजे टाके घातलेल्या डोळ्याला धक्का बसता कामा नये. दिवस लवकर मावळतो. शेवटची गावं येईपर्यंत पूर्ण अंधार झाला आणि जीपचे दिवे म्हणजे नुसत्या पणत्या. खड्डा चाकाखाली आला की मगच कळतो. समोरून ट्रक आला की डोळ्यांपुढं पांढरं, तो गेला की काळं, आणि त्या काळ्यात मी स्टिअरिंगला लटकलेला.

परत आलो तर जेवण गेलं नाही. आता झोपतो म्हणावं तर झोपही येत नाही. इतका थकवा येतो की तो झोपूही देत नाही, हे कुणाला सांगून पटायचं नाही.

९ डिसेंबर

आज जीपला नवे डोळे बसवले!

साहेबांनी परवानगी दिली, सामान धुळ्याहून मागवलं. हॅलोजनचे भारी बल्ब, जाड वायर आणि रिले. जळगावला अभिमन मिस्त्री म्हणून एक आहे, त्याच्याकडं दिवसभर बसलो. त्याचं तोंड हातांपेक्षा जास्त चालतं. एवढ्या ताकदीचे बल्ब जुन्या वायरवर टाकले तर बटण जळेल, म्हणून रिले लावून बॅटरीवरून सरळ लाईन घेतली. मग जीप भिंतीसमोर उभी केली, भिंतीवर खडूनं रेघ मारली, आणि प्रकाशाचा वरचा काठ त्या रेघेखाली येईपर्यंत दिव्याचे स्क्रू पिळत बसला. प्रकाश रस्त्यावर पडला पाहिजे, समोरच्याच्या तोंडावर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी काळा रंग घेतला आणि दोन्ही काचांच्या वरच्या भागावर एकेक जाड पट्टा ओढला. मी म्हटलं, हे कशाला? तो म्हणाला, ही तीट. लहान पोराच्या गालाला लावतात तशी. नियमच आहे, नाहीतर ‘आरटीओवाला पावती फाडतस.’ वना मागं उभा होता. तो गंभीरपणे म्हणाला, पोराला तीट लावतात ती पोराला दृष्ट लागू नये म्हणून, दिव्याची तीट उलटी असते. दिव्याची दृष्ट दुसऱ्याला लागू नये म्हणून. अभिमन हसला आणि वनालाच एक काळं बोट लावून मोकळा झाला.

येताना रस्ता काय दिसला! खडा न् खडा. मी चक्क गुणगुणत आलो.

११ डिसेंबर

तीट पुसून टाकली.

त्याचं असं की हा पट्टा चांगला प्रकाश खातो. पायथ्याकडचे रस्ते चढ-उताराचे, वळणांचे. चढावर पुढचं दिसतच नाही. एवढे पैसे घालून आणलेल्या दिव्यांना अर्धी झापडं लावून ठेवायची याला काय अर्थ आहे? रॉकेलचा बोळा फिरवला, काचा लख्ख झाल्या. स्क्रूही थोडे वर घेतले. वना कुरकुरला. ‘तीट लावाशिवाय गाडी भाईर काढानी नही, भाऊ.’ मी त्याला सांगितलं की समोरून कुणी आलं तर मी डिप्पर मारीन, म्हणजे झोत खाली घेईन, त्यासाठीच तर पायाशी खटका दिलाय.

साहेब संध्याकाळी जीपजवळ आले. दिवे लावून दाखवले तर पार पलीकडच्या शेतातलं लिंबाचं झाड पानापानानिशी उजळलं. साहेब खूश. त्यांच्या अँबेसडरलाही हेच बसवायचं म्हणाले. मी वर शहाणपणा केला, मिस्त्रीला तीट लावू देऊ नका म्हणून.

१४ डिसेंबर

आज चमेलीबाईला घरी सोडलं. ही पायथ्याच्या पाड्यावरची म्हातारी, कपाळावर गोंदण, हातभर बांगड्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्यात अजून मोतीबिंदू पिकलेला आहे. आठवडाभर दवाखान्यात सगळ्यांना शिव्या देऊन तिनं करमणूक केली.

वाटेत केळीच्या बागेतून कोल्हं आडवं गेलं. दिव्यात त्याचे डोळे हिरवे चमकले तसा वना दचकला. मी त्याला समजावलं की कोल्हा, मांजर, बैल, बिबट्या यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला चकाकता पडदा असतो, म्हणून त्यांचे डोळे रस्त्यावर असे पेटतात. माणसाच्या डोळ्यात तो नसतो. तो म्हणाला, बरं झालं.

पाड्याच्या फाट्यावर चमेलीबाईचा नवरा रुपसिंग सायकल घेऊन तिला न्यायला येणार होता. तो समोरून येताना दिसला. मी डिप्पर मारायला हवा होता. मारला नाही. खरं कारण लिहितो. दिवसभर क्लच दाबून पाय इतका भरून आला होता की तो उचलून खटक्यावर ठेवायचा कंटाळा आला. म्हटलं, सायकलवालाच तर आहे.

त्यानं हात वर केला, पण उशीर झाला होता. प्रकाश सरळ त्याच्या उघड्या डोळ्यांत गेला आणि सायकलसकट तो चरात पडला.

आम्ही धावलो. लागलं काहीच नव्हतं. तो बसून राहिला होता, तोंड दिव्यांकडं, डोळे सताड उघडे. पापणी लवत नव्हती. मी दिवे बंद केले तेव्हा त्यानं मान फिरवली आणि हसला. वना हळूच म्हणाला, ‘त्याना डोया दिपनात.’ मी म्हटलं, दिपले तर दिपले, होतील नीट. म्हाताऱ्यानं चमेलीबाईला हाताला धरलं आणि सायकल तिथंच विसरून दोघं चालत गेले.

माझ्या मनाला लागलंय. उद्या तरी डिप्पर मारायचा.

१७ डिसेंबर

फाट्यावर रुपसिंग उभा होता.

दिवेलागणीची वेळ. लांबून मला आधी डोळे दिसले. जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, हिरवट, स्थिर. वाटलं, बांधावर चढलेलं जनावर असेल. जवळ गेलो तर रुपसिंग. रस्त्याच्या अगदी कडेला, हात खाली सोडून. मी डिप्पर मारला तर तो खाली वाकला. प्रकाश जिथं गेला तिथं तोंड घेऊन गेला.

चष्म्याच्या काचेची झाक असेल असं म्हणावं, तर तो चष्मा लावत नाही. मी थकलोय, भलतंसलतं दिसतं, असं स्वतःला बजावलं.

२१ डिसेंबर

चमेलीबाई तपासणीला आली होती. जखम उत्तम भरलीय. चष्मा मिळेपर्यंत तिला धूसरच दिसणार, पण उजेड-अंधार, माणसाचा आकार एवढं कळतं. मी म्हटलं, मावशी, आता मजा आहे तुमची.

तिनं माझा हात धरला आणि विचारलं, काढलेला मोत्या परत बसवता येतो का?

मला वाटलं थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. पहिलं होतं तसं करून दे म्हणाली. मोडक्यातोडक्या मराठीत तिनं जे सांगितलं ते असं, की रात्री झोपडीत चिमणी लावली की नवऱ्याचा चेहरा तिला दिसत नाही, दोनच ठिपके दिसतात. ते बंद होत नाहीत. तो झोपतच नाही. दिवसा शेतात बैलासारखा राबतो, रात्र पडली की दाराशी रस्त्याकडं तोंड करून बसतो. ती शिव्या देते तर तो हसतो. लग्नापासून तो कधी तिच्या शिव्यांवर हसला नव्हता, हे सांगताना म्हातारी रडायला लागली. ताज्या डोळ्यानं रडू नका म्हणून मी तिला ओरडलो.

जाताना हिरवी पट्टी मागून घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांवर बांधली. नातवानं हात धरून नेलं.

२४ डिसेंबर

रुपसिंगला तपासलं. निरोप धाडला तर लगेच आला, पाड्यापासून चालत. धापही लागली नव्हती. अंधाऱ्या खोलीत बसवून टॉर्च मारला.

माणसाच्या बाहुलीत उजेड टाकला की ती आकसते. ह्याची आकसली नाही. उलट उमलली. आणि आत, जिथं काही असू नये तिथं, तो पडदा. मांजराच्या डोळ्यासारखा हिरवा. मी अठरा वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघतोय. असं कधी पाहिलं नाही.

विचारलं, काही त्रास होतो का? म्हणाला, नाही, उलट थकवाच गेलाय. जन्मभराचा गेला. मग टॉर्चकडं बघत त्यानं विचारलं, तो मोठा दिवा कुठंय?

बाहेर आल्यावर वनाला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, ‘तो दिपेल शे, भाऊ.’ मी म्हटलं, हे तू त्या दिवशीही म्हणालास, डोळे दिपले होते त्याचे. तेव्हा त्यानं समजावलं. डोळे दिपतात ते सगळ्यांचेच, आणि निवळतात. पण ‘दिपेल’ म्हणजे निवळलाच नाही असा. ज्या क्षणाला माणसाला काहीच दिसत नाही, त्या क्षणाला दुसरं कुणीतरी त्याच्यातून बघून घेतं. आणि एकदा बघितलं की जात नाही. त्याची आजी वीज बघू द्यायची नाही ती एवढ्यासाठीच. दिव्यांना तीट काय गंमत म्हणून लावतात?

मी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

२७ डिसेंबर

आता फाट्यावर रुपसिंग एकटा नाही.

मोळी आणणाऱ्या दोघी बाया. बैलगाडीवाला. लुनावाला मास्तर. सगळे ओळखीचे — म्हणजे माझ्या दिव्यांच्या ओळखीचे. कधी ना कधी मला समोरून आलेले, आणि मी पाय उचलायचा कंटाळा केलेला. रांगेत उभे. भांडण नाही, बोलणं नाही. फक्त डोळे.

हे मी केलं. आळसानं केलं. लिहिताना हात जड होतोय.

बल्ब काढले. जुने परत टाकले. हॅलोजन खोक्यात घालून कपाटाच्या वर ठेवले. काचांवर काळी तीट लावली, एकावर एक हात दिले. नुसती फट राहिलीय उजेडाला. खड्डे लागू देत.

पुष्पाला पत्र टाकलं — इतक्यात येऊ नका.

२ जानेवारी १९९२

पुष्पाचं पत्र आलं. माझं तिला मिळालेलं दिसत नाही. अकरा तारखेची पॅसेंजर, दुपारी जळगाव. छकुलीनं खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलंय, बाबा मी काळं झबलं आणणार नाही हलव्याचे दागिने घालणार. पुन्हा पुन्हा वाचलं.

दिवसाउजेडी आणीन. दुपारी घेतल्या की ऊन असताना घरात. काही होणार नाही.

वनाकडं आज नीट पाहिलं. हल्ली काम टाळत नाही. सगळे वॉर्ड धुतो, पाणी भरतो, रात्रपाळीही करतो. मी म्हटलं, बरं नाही का तुला? हसला. ‘आते थकवाच नही, भाऊ. बठ्ठं हलकं हलकं लागस.’

अकरा तारखेला — डिसेंबरच्या — तीट पुसल्या दिवशी संध्याकाळी जीप मागं घेताना तो समोर उभा राहून हातवारे करत होता. रुपसिंगच्याही आधी. मला दिपेलचा अर्थ सांगितला तो — तो स्वतः —

मग मला का सांगितलंस, विचारलं. म्हणाला, तेव्हा अजून अर्धा होतो.

५ जानेवारी

शिबिर बंद करा म्हणून साहेबांना विनवलं. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही फार थकलात, बायको आली की बरं वाटेल. क्वार्टरचा कागद सही करून दिला.

कागद हातात आणि आनंद नाही.

वना सकाळी म्हणाला, ‘तुम्ही थकेल शेतस, भाऊ. मी दिपेल शे.’ प्रेमानं म्हणाला. त्याचंच वाईट वाटलं.

८ जानेवारी

साहेबांची अँबेसडर जळगावहून आली. नवे दिवे. लख्ख काचा.

अभिमन तीट लावत होता, साहेबांनी लावू दिली नाही. माझंच नाव सांगितलं.

पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. काचेला निदान कागद चिकटवू द्या म्हटलं. साहेब वैतागले. त्यांच्या डोळ्यांत बघायची हिंमत झाली नाही.

१० जानेवारी

ते आता फाट्यावर नाहीत. दवाखान्याच्या कुंपणाबाहेर आहेत. जीप लावली की जवळ येतात. काळ्या काचांवर बोटानं टकटक करतात. हळू, दार वाजवावं तसं.

झोप नाही. उद्या दुपारी. ऊन असताना.

११ जानेवारी, जळगाव स्टेशन

गाडी लेट.

दुपार गेली. फलाटावरची सावली रुळांपलीकडं गेली. चौकशी खिडकीतला माणूस म्हणतो येईल. लॉजवर राहावं तर सगळीकडं गर्दी, एक खोली मोकळी नाही.

दिवे लागले.

आली.

१२ जानेवारी, सकाळ

लिहून काढतो.

पुष्पा खूप दिवसांनी भेटलेल्या माणसासारखी लाजली. छकुली तिच्या मांडीवर, बडबड. मी सांगितलं, समोरून गाडी आली की डोळे मिटायचे, खेळ आहे. तापीचा पूल ओलांडला. ती झोपली. पुष्पानं तिच्या तोंडावर पदर टाकला आणि स्वतःही डुलकी काढली.

धानोरा ओलांडल्यावर समोरून ते दिवे. लांबूनच ओळखले. मी डिप्पर मारला, पुन्हा मारला, पुन्हा — माझ्या काळ्या काचांमधून काय दिसणार! साहेबांनी खाली केले नाहीत. एका हातानं पोरीचं तोंड झाकलं, पुष्पाची मान खाली दाबली. स्टिअरिंग — एकच हात — बाजूला कालवा. मला बघावंच लागलं.

सगळं पांढरं.

आत्ता दोघींचे डोळे तपासले. टॉर्चनं, पुन्हा पुन्हा. बाहुल्या आकसतात. आत तांबूस, माणसाचं. छकुली कंटाळून रडली. मीही रडलो, सुटकेनं. वाचल्या. दोघीही वाचल्या.

१२ जानेवारी, संध्याकाळ

पुष्पानं घर लावलं. ओट्यावर रांगोळी. तिळाचा खमंग वास. हेच हवं होतं मला.

रात्रभर जागाच आणि दिवसभर काम — सगळ्या वॉर्डांत औषधं घातली, जीप धुतली, लिंबाच्या फांद्या तोडल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा कंबर दुखत नाही.

लाईट गेली तेव्हा पुष्पानं मेणबत्ती लावली. छकुली माझ्याकडं बघून टाळ्या वाजवायला लागली — बाबांचे डोळे माऊसारखे!

पुष्पाच्या हातातून काडेपेटी पडली.

बायको अशी का बघते? मला इतकं हलकं —

१३ जानेवारी

कंदील विझवतो. पुन्हा लावतो. पुरत नाही.

पुष्पा म्हणते आपण अकोल्याला जाऊ, आत्ता. पोरीला छातीशी धरून बसलीय. थकलेली दिसते. किती थकलेली. मी असाच दिसायचो का?

नको. वही, ऐक — हे मी नाही. मी पोरीला कधी — खोकं कपाटावर आहे ते तिला सांगायला हवं. फोडून टाक म्हणून. तोंड उघडलं आणि म्हणालो, खोकं काढून दे.

१४ जानेवारी, संक्रांत

वही स्टिअरिंगवर ठेवून लिहितोय. उजेड नसला तरी अक्षर स्पष्ट दिसतं.

हॅलोजन बसवले. वनानं वायर धरली. तीट रॉकेलनं पुसली, काचा लख्ख. कुंपणाबाहेर रुपसिंग, मोळीवाल्या बाया, मास्तर, साहेबही आलेत. कुणी घाई करत नाही. चांगली माणसं आहेत.

पुष्पा आतून दार ठोकतेय. कडी मी बाहेरून लावलीय. तिच्यासाठी नंतर येईन, तीही फार दमलीय.

छकुली जीपसमोर उभी आहे. हलव्याचे दागिने घातलेत. तिला वाटतंय त्या रात्रीचा जीपमधला खेळ आहे, म्हणून दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतलेत. शहाणी पोर. गालाला पुष्पानं काजळाची तीट लावलीय, ती मी मघाशी अंगठ्यानं पुसली.

खटका पायाखाली आहे. पाय अजिबात जड नाही.

सांगतोय तिला, छकुली, हात खाली घे. असं. आता इकडं, बाबांकडं ब